ओळंब्याने सरळ केलेल्या वेळा

भिंत सरळ उठतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. कारखान्यातल्या एका माणसाला सगळे ह्याच नावाने हाक मारत, आणि हाक मारून मारून खरं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. कुठेही काही तिरकं दिसलं की त्याचा हात आपोआप पुढे व्हायचा. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा, मग पाणी प्यायचा.

"अहो, त्यांचं कॅलेंडर आहे. त्यांना महिना तिरका हवा असेल," बायको म्हणायची. आणि घरी आलेल्यांना लग्नाचा फोटो दाखवताना न चुकता सांगायची, "सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हे बघा, मागच्या खुर्च्यांच्या रांगेकडे."

लोक हसायचे, तोही हसायचा. पण ती नुसती टापटीप नव्हती. त्याचे वडील लाकडाच्या वखारीत ओंडके रचायचे. एके दिवशी रचलेला ढीग घसरला आणि वडील गेले. मयताला आलेल्यांपैकी कुणीतरी बाहेर व्हरांड्यात म्हणालं, "एक ओंडका तिरका लागला होता म्हणे." शाळकरी पोराने ते ऐकलं आणि जन्मभर धरून ठेवलं. देवावर त्याची श्रद्धा होती. रोज ठरलेल्या वेळी ठरलेले शब्द म्हणून तो प्रार्थना करायचा, पण तिरक्या वस्तूंचं काम त्याने देवावर कधी सोपवलं नाही.

कारखाना होता रेझिनचा. रेझिन म्हणजे प्लायवूडचे पापुद्रे एकमेकांना धरून ठेवणारा चिकट रस. तो माणसाच्या दुप्पट उंचीच्या पोलादी हंड्यात शिजवतात, आणि एका वेळच्या शिजवणीला तिथे घाणा म्हणतात. घाणा हवा तेवढा दाट झाला की लगेच गार करावा लागतो. उशीर झाला तर रस स्वतःच्याच उष्णतेने भडकत जातो. हंड्याला तापवणारी खालची वाफ बंद करा नाहीतर काही करा, तो ऐकत नाही. फेसाळून वर येतो आणि मग हंड्यातच दगडासारखा बसतो. हंड्याचं तोंड जिथे उघडतं, त्या जाळीच्या लोखंडी माळ्यावर त्या घटकेला कुणी असू नये.

पूर्वी त्या माळ्यावर मामा असायचे. ते कुणाचे सख्खे मामा होते कुणास ठाऊक, पण अख्ख्या कारखान्याचे मामा. लांब दांड्याच्या पळीने रस काढायचे, थेंब दोन बोटांत धरून ताणून बघायचे आणि सांगायचे, "झाला," किंवा "अजून आहे." एकदा घाणा त्यांच्याआधी झाला. मामा वाचले, पण त्यांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला आता हसता येत नाही.

त्यांच्या जागी माळ्यावर गेली ओळंब्याची बायको. आधी ती खाली पॅकिंगमध्ये होती. तिला सगळे वहिनी म्हणत. पोत्यातली भुकटी हंड्यात सोडायची, झाकण लावायचं, खालून निरोप आला की गार पाण्याचा कॉक उघडायचा, हे काम. ओळंब्याने घरी आकाशपाताळ एक केलं. ती म्हणाली, "वर वारा लागतो. खाली त्या पुठ्ठ्याच्या धुळीत मी अजून दहा वर्षांनी खोकत बसले तर तुम्हाला चालेल का?" त्याला ते चालणार नव्हतं आणि हेही चालणार नव्हतं. पण ती वर गेली.

तो स्वतः बसायचा काचेच्या खोलीत, मापांच्या यंत्रांपुढे. हंडा किती गरम, ढवळणीची मोटर किती जोर घेतेय, आणि रस किती दाट. दाटपणा मोजायला हंड्याच्या दोन बाजूंना दोन चकत्या चिकटवलेल्या होत्या. एक चकती आवाजाची टिचकी मारायची, कानाला ऐकू न येणारी, आणि दुसरी ती पलीकडे कशी पोचली ते ऐकायची. रस पातळ असला तर टिचकी एक बोलते, दाट असला तर दुसरंच. मामांची पळी गेली आणि टिचकी आली. यंत्र भरवशाचं होतं, फक्त फार सावकाश.

म्हणून कंपनीने नवं यंत्र आणलं, आणि ते बसवायला एक मॅडम आल्या. वयाने त्याच्या भाचीएवढ्या. त्यांनी पडद्यावर एक लांब रेघ दाखवली, रेघेवर ठिपके. कुठे तीन ठिपके एकमेकांच्या अंगावर पडलेले, कुठे नुसतंच मोठं भोक. हातातली माळ तुटून मणी सांडावेत तसे.

ओळंब्याला बघवेना. "मॅडम, हे असं कसं पडलंय?"

"मुद्दाम पाडलंय, काका. जुनं यंत्र टिचकीचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, पुन्हा पुन्हा ऐकायचं. आकडा येईपर्यंत रस पुढे गेलेला असायचा."

"म्हणजे भाजी करपल्यावर वास."

"अगदी! हे नवं सगळं ऐकत नाही. ह्या ठिपक्यांच्या क्षणी तेवढा कान लावतं. आवाजात सांगण्यासारखे धक्के चारदोनच असतात, बाकी सगळी शांतता. तेवढ्यावरून गणित अख्खा आवाज उभा करतं. आकडा लगेच समोर."

"पण मग जरा सारख्या अंतरावर लावला कान, तर काय बिघडलं?"

मॅडमनी वर बोट दाखवलं. "हा पंखा बघा, ट्यूबलाइटच्या उजेडात. कधीकधी उलटा फिरतोय असं वाटतं ना? लाइट एका लयीत लुकलुकतो म्हणून. एका लयीत बघणाऱ्याला फसवणं सोपं असतं. वेडंवाकडं बघणारा सहसा फसत नाही. तेवढ्या वेळांना मात्र हात लावू नका हं."

"हं, हं," ओळंबा म्हणाला. तो तेव्हा मॅडमच्या वायरी एकमेकींना समांतर बांधत होता, आणि त्याच्या कानात 'वेडंवाकडं' एवढंच शिरलं. संध्याकाळी घरी म्हणाला, "हुशार आहे पोरगी. पण शिस्त नाही, आणि वर त्याचं कौतुक."

"माझी आई माझ्याबद्दल हेच म्हणायची," बायको म्हणाली. "तरी केलंत ना लग्न?"

मॅडम गेल्या. जाताना अडीअडचणीला म्हणून यंत्राचा पासवर्ड त्याच्याकडे ठेवून गेल्या. पुढचे काही दिवस तो त्या ठिपक्यांसमोर बसला, म्हणजे दाढेत काहीतरी अडकलेलं असताना माणूस जसा बसतो तसा. माळ्यावर बायको आणि तिच्या जिवाचा आकडा ह्या सांडलेल्या मण्यांवर! त्याला वखारीतला ढीग दिसायचा. शेवटी एका सकाळी त्याने पासवर्ड घातला आणि ठिपके सरळ केले. जेवढे होते तेवढेच ठेवले, एकही कमी नाही. फक्त सगळ्यांमध्ये सारखं अंतर. मग साध्या पाण्यावर यंत्र चालवून पाहिलं, आकडा बरोबर. पातळ रसाचा घाणा निघाला, त्यातही बरोबर. त्याला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी त्याने देवाचे आभार मानले.

त्यानंतर दाट रसाची ऑर्डर आली.

दुपारचं जेवण झालं होतं. बायकोने नाकावर फडकं बांधलं, हेल्मेट चढवलं आणि काचेच्या दारातून डोकावून म्हणाली, "जाते वर. आकडा सांगायला फोन करा. सावकाश उतर, कठडा धर, असले फोन करायचे नाहीत. पोती चढवणारे हसतात मला."

घाणा चढला. आकडा वाढू लागला, हवा तसा. मग एका जागी थबकला आणि उतरू लागला. उडी नाही, थरथर नाही. इतका गुळगुळीत उतरत होता की बघून ओळंब्याला क्षणभर बरंच वाटलं. वरून नवी भुकटी पडली असेल, ती शिजेपर्यंत रस पातळ झाला असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पण शेजारी मोटरचा काटा चढत होता. ढवळणीला जोर लागत होता. पातळ रसाला जोर लागत नाही.

बेअरिंग गेलं असेल. होय, बेअरिंगच. मागेही एकदा गेलं होतं.

त्याच्या मानेवरून घामाची धार खाली गेली. त्याने वर पाहिलं. पंख्याचा वारा तोंडावर येत होता, आणि डोक्यावर पाती सावकाश, आळसावल्यासारखी, उलटी चालली होती.

मॅडमचं बोट, पंखा, एका लयीत बघणारा, सगळं आता ऐकू आलं, शब्द न् शब्द. यंत्राला त्याने एका लयीत बघायला लावलं होतं. पातळ रसात ते खपून गेलं. रस दाट झाला, टिचकीची चाल बदलली, आणि यंत्राला पंखा उलटा दिसू लागला. काटा खरं बोलत होता. आकडा खोटं बोलत होता आणि छान, स्वच्छ खोटं बोलत होता.

त्याने वाफ तोडायचं लाल बटण दाबलं. तेवढं एक बरोबर केलं. पुढे जे केलं ते आठवून आजही त्याचा घास तोंडाशी थांबतो. त्याने पासवर्ड घातला. मॅडमच्या वेळा परत लावल्या की खरा आकडा दिसेल, मग काय ते ठरवू, असं त्याच्या मनाने घेतलं. पण जुन्या वेळा होत्या कुठे? त्याने पुसून टाकल्या होत्या. केरच तो, केर कोण जपून ठेवतं? मनाला येतील तसे ठिपके विस्कटायला गेला, तर बोटं ऐकेनात. जिथे ठिपका ठेवावा तो शेजारच्यापासून सारख्याच अंतरावर पडे. काटा लाल पट्ट्याला टेकला तेव्हा तो भानावर आला आणि फोनवर झडप घातली.

"हॅलो, माळा."

"खाली उतर."

"आता काय? हेल्मेटचा पट्टा तिरका आहे का?"

"अगं उतर! आत्ता, आहेस तशी."

"पोती राहिलीत अजून. अर्धवट सोडून आले तर फोरमन मलाच कच्ची खाईल. आकडा काय म्हणतो?"

त्याने आकड्याकडे पाहिलं. "आकडा... पातळ म्हणतोय."

"मग झालं तर. पातळ असेल तर मी पोती सोडायची का जिना उतरायचा? तुमचं ना, रोजचं..."

ती फोन ठेवणार हे त्याला तिच्या श्वासावरून कळलं. रोज उठून 'सांभाळ, सांभाळ' करणाऱ्या माणसाने खरंच सांभाळायला सांगितलं तर ते कुणाला कळणार? बायकोपुढे जे शब्द त्याने उभ्या जन्मात उच्चारले नव्हते, ते त्याने आता उच्चारले.

"मी चुकलो. आकडा खोटा आहे. मॅडमच्या वेळा मी सरळ केल्या. माझ्यामुळे खोटा आहे. रस किती दाट झालाय ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तुझ्या पाया पडतो, उतर."

फोनमधून ढवळणीचं कण्हणं तेवढं येत होतं.

"गार पाण्याचा कॉक उघडते आणि येते," ती म्हणाली. आवाज अगदी वेगळा.

"नको! कॉक हंड्याच्या पलीकडे आहे, नको..."

पण रिसीव्हर तिच्या हातातून सुटला होता आणि वायरला लोंबकळत कठड्यावर आपटत होता. ओळंब्याने आपला फोन कानात रुतेल इतका दाबून धरला. मधूनच काहीतरी ऐकू यायचं. जाळीवर बुटांचा आवाज. मग काही नाही. कॉकच्या चाकाची किंचाळी, एकदाच. ते अडकत असे, दोन्ही हातांनी फिरवावं लागे, हे त्याला माहीत होतं. मग बराच वेळ काही नाही. खोकला. तिचाच. मग पुन्हा काही नाही. त्या मधल्या मधल्या शांततेत तो तिला उभी करत होता, वाकलेली करत होता, पडलेली करत होता. "देवा, तिला खाली आण. देवा, तिला. माझं काय ते नंतर बघ, आधी तिला." रोजचे ठरलेले शब्द त्याला त्या वेळी एकही आठवला नाही. जे तोंडात आलं ते तो म्हणत गेला, मोठ्याने, आणि आपण मोठ्याने म्हणतोय हेही त्याला कळत नव्हतं.

चाक दुसऱ्यांदा किंचाळलं, आणि पाठोपाठ पाईपात पाणी धावल्याचा घरघराट आला.

मग त्याच्याच्याने बसवेना. फोन टाकून तो पळाला. हॉलमध्ये फोरमन बॉयलरकडून धावत येत होता, "वाफ कुणी तोडली? कुणाच्या बापाचा घाणा आहे?" असं ओरडत. पण वास नाकात गेला आणि तो जागच्या जागी थांबला. तो वास तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होता. मामांच्या वेळी आला होता.

ती जिन्यावर होती. अर्ध्यात. कठडा धरून, तोंडावरचं फडकं एका हाताने दाबून, एकेक पायरी चाचपत. वरून पांढरी वाफ तिच्या पाठोपाठ उतरत होती. ओळंबा ओरडला, काय ओरडला ते त्याला सांगता येत नाही. तेवढ्यात हंड्यावरची, दाब वाढला की आधी फुटावी म्हणून बसवलेली पत्र्याची सेफ्टी चकती फुटली. आवाज झाला तो कानात नाही, छातीत झाला. माळ्याच्या जाळीतून तपकिरी फेस खाली गळू लागला, जाडजाड लोंबणारा. ती जिथे उभी राहून फोनवर बोलली होती, ती जागा दिसेनाशी झाली.

उरलेल्या पायऱ्या ती उतरली की पडली, हे दोघांनाही आठवत नाही. त्याने तिला धरलं आणि दोघं फाटकापर्यंत पळाले. तिच्या डाव्या दंडावर फेसाचा एक गोळा उडाला होता. बाही कातडीला चिकटून बसली होती. फोरमनने बादलीभर पाणी ओतलं. ती दात आवळून बसली, रडली नाही.

थोड्या वेळाने तिने मान वर केली. "वाफ तुटल्याचा खटका मला वर ऐकू आला होता," ती म्हणाली. "म्हटलं, बॉयलरवाल्यांचं काहीतरी असेल. पण फोन त्यानंतर बऱ्याच वेळाने आला. मधे काय करत होता?"

फोरमन समोर होता. खोटं बोलायला जागा होती, बेअरिंगचं नाव तयार होतं.

"आकडा नीट करता येतो का बघत होतो."

"मी वर असताना?"

"हो."

ती दंडावर पाण्याचं फडकं धरून फाटकाबाहेर बघत राहिली. कारखान्यातल्या कुठल्याही आवाजाला भ्याला नसेल एवढा ओळंबा त्या गप्प बसण्याला भ्याला.

हंड्यात घाणा बसला तो पार दगड होऊन. छिन्नी-हातोडा घेऊन माणसं आत उतरली. वरती मोकळी हवा सोडणारा पंखा लावून, कमरेला दोर बांधून, एकामागून एक. तो दोर वर धरायचं काम ओळंब्याने मागून घेतलं. मॅडम आल्या, त्यांनाही त्याने स्वतःच सांगितलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "काका, मी तुम्हाला म्हटलं होतं ना," एवढंच म्हणाल्या. वेळा पुन्हा विस्कटल्या आणि पासवर्ड आपल्याबरोबर नेला. वरच्या साहेबांनी त्याला कडक शब्दांत लेखी समज दिली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. घरी बायको कामापुरतं बोलत होती. मीठ द्या, दार लावा. लेकीच्या लक्षात आलं. तिने विचारलं, "आईबाबा, तुमचं भांडण झालंय का?" दोघं एकदमच "नाही" म्हणाले.

दंड भरून आला. हंडा नव्याने उभा राहिला. पहिल्या घाण्याच्या सकाळी ती तयार होऊन दाराशी थांबली. तो म्हणाला, "तू पॅकिंगला परत जा. मी साहेबांशी बोलतो."

"आणि माळ्यावर दुसऱ्या कुणाची तरी बायको चढेल, असंच ना?" ती म्हणाली. "मी जाणार. पण माझी एक अट आहे. आकडा काय म्हणतो, काटा काय म्हणतो, ते तुम्ही खाली बसून जुळवत बसायचं नाही. तुम्हाला भीती वाटली की आधी मला फोन करायचा. का वाटली, खरी का खोटी, ते मी खाली आल्यावर बघू. आहे कबूल?"

"मला तर सारखीच वाटते."

"मग सारखा करा."

आणि तो करतो. एका घाण्यात कधी एकदा, कधी तीनदा. फोरमन कपाळावर हात मारून घेतो, पोती चढवणारे जिन्याशीच बसकण मारतात. "काय झालं आता?" ती वरून विचारते. "काही नाही. वाटलं," तो म्हणतो. ती मनातल्या मनात काय म्हणते ते देवाला माहीत, पण हातातलं पोतं खाली ठेवते आणि येते. धापा टाकत काचेच्या खोलीत उभी राहते. पडद्यावर ठिपके आडवेतिडवे पडलेले असतात. आकडा चढत असतो, काटाही चढत असतो. दोघं बघत राहतात.

"बरोबर आहे की," ती म्हणते.

"आहे."

"जाऊ मग?"

त्याला 'हो' म्हणायला जरा वेळ लागतो. मग ती फडकं नाकावर ओढून जिन्याकडे वळते, आणि तिचा पाय पहिल्या पायरीवर पडतो न पडतो तोच त्याचा हात फोनवर गेलेला असतो.